टँकरबद्दल लिहायचंय पण नाव बाहेर यायला नको, कसं करावं?

टँकरग्रस्त_ठाणे (रात्री ११:५२)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय इथे, आज पहिल्यांदाच लिहितेय तर सांभाळून घ्या.

आम्ही घोडबंदर रोडला वाघबीळ नाक्याच्या आत राहतो. तीन विंग, १६८ फ्लॅट, आमची बी विंग, अकरावा मजला, हॉलच्या खिडकीतून गेट आणि खालच्या टाकीचं झाकण सरळ दिसतं. इकडे पाण्याचं काय आहे ते ठाणेकरांना वेगळं सांगायला नको, टॉवर उठतायत आणि पाणी तेवढंच, टँकरशिवाय गाडं चालत नाही. तर मी घरूनच भाषांतराचं काम करते, दिवसभर खिडकीपाशी बसलेली, म्हणून मार्चपासून सहज म्हणून टँकर मोजायला लागले. दिवसाला येतात चार. वॉचमनच्या रजिस्टरला पण चारच, मी खाली जाऊन बघून आले, पेन्सिलने लिहितो तो बिचारा. आणि मेंटेनन्सच्या हिशोबात लागलेत सहा! एप्रिलचा अख्खा महिना सहा!! ग्रुपवर ए विंगच्या एकांनी विचारलं तर सेक्रेटरींनी दोन दिवस ग्रुप 'ओन्ली अ‍ॅडमिन' करून टाकला, विषय संपला.

मिस्टर म्हणतात नसत्या भानगडीत पडू नकोस, पोरगं त्यांच्याच मुलांबरोबर खाली खेळतं, आणि आपला दुसऱ्या पार्किंगचा अर्ज त्यांच्याकडेच पडलाय. ते पण खरंच आहे म्हणा. म्हणून वाटतंय नाव न सांगता इन्स्टाला एखादं पेज काढावं, टँकरचे फोटो, रजिस्टरचा फोटो, ग्रुपचे स्क्रीनशॉट असं टाकावं. नाहीतर ठाण्याच्या एका फेसबुक ग्रुपवर अ‍ॅनॉनिमस पोस्टचा ऑप्शन दिसतो तो वापरावा. माझा नंबर, नाव, काहीच कोणाला कळणार नाही असं करता येतं का? कोणी केलंय का असं?

मधली_सीट (रात्री १२:२०)

ताई रागावू नका, पण नाव कसं लपवायचं हे विचारता विचारता तुम्ही पत्ताच देऊन बसलात.

बघा हं. वाघबीळच्या आत तीन विंगच्या १६८ फ्लॅटच्या सोसायट्या अशा किती असणार? बी विंग म्हणजे धरा ५६ घरं. गेटकडे खिडकी असलेली निम्मी. अकरावा मजला म्हटल्यावर तर उरली दोन नाहीतर तीन. त्यात दिवसा घरी असणारी, भाषांतर करणारी मराठी बाई, खेळायच्या वयाचा मुलगा, आणि दुसऱ्या पार्किंगचा अर्ज. अर्जावर तर तुमचं नाव सहीसकट आहे आणि ती फाईल सेक्रेटरींच्या कपाटात आहे. मी तुम्हाला ओळखत पण नाही आणि मला एवढं कळलं, ते तर रोज तुमच्याबरोबर लिफ्टमधून जातात.

म्हणून आधी ठरवा, लपायचंय कोणापासून. पोलीस, कोर्ट, इन्स्टाची कंपनी हे सगळं नंतरचं. तुम्हाला लपायचंय त्या नऊ-दहा कमिटी मेंबरपासून, आणि त्यांना आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेट कनेक्शनचा नंबर) वगैरे काही लागत नाही, त्यांना फोटो बघून कळतं. टँकरचा फोटो तुमच्या खिडकीतून काढला की तो कुठल्या उंचीवरून आहे, गुलमोहर डावीकडे दिसतो की उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात ग्रिलचा कुठला रंग आलाय, सगळं बोलतं. आमच्याकडे (घणसोली) एकाने कचऱ्याचा असाच फोटो टाकला होता, फोटोत वरच्या दोरीवर वाळत घातलेली बाळाची झबली आली, त्या विंगमध्ये बाळ एकच होतं.

आणि ग्रुपचा स्क्रीनशॉट तर नकोच. त्यात तुमचा स्वतःचा मेसेज असेल तर तो उजव्या बाजूला हिरवा दिसणार. बाकीची नावं पण तुमच्या फोनमध्ये जशी सेव्ह केलीत तशी येतात, 'सेक्रेटरी काका' असं सेव्ह असेल तर त्यांना काका कोण कोण म्हणतं ते त्यांना ठाऊक आहे.

फेसबुकच्या अ‍ॅनॉनिमस पोस्टचं म्हणाल तर नाव मेंबरना दिसत नाही, ग्रुपच्या अ‍ॅडमिन आणि मॉडरेटरना दिसतं. आता ठाण्याच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन कोणाचा कोण लागतो हे तुम्हीच शोधा.

टँकरग्रस्त_ठाणे (रात्री १२:३१)

बाप रे. एडिट करायला गेले तर अर्ध्या तासानंतर एडिट बंद. आता काय करू?

आठ_चौदा (सकाळी ७:४०)

आता काही नाही, सेक्रेटरी हे वाचत नसतील अशी आशा धरा.

माझा किस्सा सांगतो, लोकलमध्येच टाईप करतोय त्यामुळे चुका माफ. मी ठाणे-वाशी लाईनवर एक पेज चालवायचो, मीम्सचं, नाव सांगत नाही, बंद केलंय. ऐरोलीला चढणारी पब्लिक, तुर्भ्याला दारात अडकलेली बॅग, असलं सगळं. दीड वर्ष कोणाला पत्ता नव्हता, मग डोक्यात हवा गेली आणि ऑफिसवर पण टाकायला लागलो, आमच्या मॅनेजरचा एक ठरलेला डायलॉग आहे त्याच्यावर चार-पाच मीम्स झाली, ऑफिसवाले मलाच फॉरवर्ड करायचे आणि मी पण 'कोण आहे यार हा' म्हणून हसायचो. मग मामेबहिणीचा साखरपुडा झाला डोंबिवलीला, मी मस्त फेटा बांधून सेल्फी काढला, स्टोरी टाकली 'ताईडीचं ठरलं एकदाचं'. पडली ती पेजवरून! एकाच अ‍ॅपमध्ये दोन्ही अकाऊंट, वरचा तो छोटा गोल फोटो बघितलाच नाही. दहा-बारा मिनिटांत काढली. सोमवारी मॅनेजर कॉफी मशीनपाशी म्हणतो 'काँग्रॅट्स, बहिणीचं ठरलं म्हणे'. एवढंच. पुढे काही बोलला नाही तो, पण त्या वर्षीचं अप्रेझल कसं झालं ते विचारू नका.

तर मी शिकलो ते असं की दुसरं अकाऊंट त्याच अ‍ॅपमध्ये ठेवायचंच नाही, वेगळ्या ब्राउझरमधून चालवायचं, आणि काढतानाच नवीन ईमेलवर काढायचं. घरच्या नंबरवर काढलं आणि काँटॅक्ट सिंक चालू असला की तुमचा नंबर ज्यांच्या फोनमध्ये आहे त्यांना 'हे तुमच्या ओळखीचे असतील' म्हणून तेच पेज दिसायला लागतं, सेक्रेटरींच्या फोनमध्ये तुमचा नंबर असणारच ना. जुन्या अकाऊंटचं नाव बदलून वापरायची आयडिया असेल तर ती पण सोडा, इन्स्टावर त्या अकाऊंटची माहिती उघडली की आधी नाव बदललंय का ते दिसू शकतं.

अजून एक बारीक गोष्ट जी मला एका पोराने दाखवली. कोणीही तुमच्या पेजचं नाव टाकून 'पासवर्ड विसरलो' दाबलं की बऱ्याच ठिकाणी स्क्रीनवर नंबरचे शेवटचे दोन आकडे आणि ईमेलचं पहिलं अक्षर येतं, मधे फुल्या. जगाला त्याचा उपयोग शून्य. पण सोसायटीच्या मेंबर लिस्टमध्ये शेवटी तेच दोन आकडे असलेले किती जण निघतील? दोन. तीन. आणि नवीन नंबर घेतलात तरी त्यावर यूपीआय चालू करू नका, कोणीही तो नंबर पेमेंट अ‍ॅपमध्ये टाकला की बँकेतलं पूर्ण नाव आडनावासकट समोर येतं, एक रुपया पण पाठवायला लागत नाही. मी एका ओएलएक्सवाल्याचं नाव असंच काढलेलं.

लिंक शेअर करताना मागची प्रश्नचिन्हापुढची शेपटी कापून पाठवा, त्यात कोणी शेअर केली त्याची खूण असते. फोटो वॉट्सॅपला साधा पाठवला तर त्यातलं लोकेशन पुसलं जातं, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर सगळं तसंच्या तसं जातं, जागा, वेळ, फोनचं मॉडेल. चला तुर्भे आलं.

बिनधास्त_कळवा (सकाळी ९:०५)

एवढं काय घाबरायचं, गावाकडच्या कोणाच्या तरी नावावर सिम घ्या, फुकटचं व्हीपीएन (आपलं कनेक्शन लपवणारं अ‍ॅप) टाका आणि लिहा की बिनधास्त. कोणाचा बाप पण पकडू शकत नाही. सरळ सेक्रेटरीचा फोटो टाकून चोर म्हणून लिहा.

कोर्टनाका_कटिंग (दुपारी २:१५)

वरच्या भाऊंचं ऐकलंत तर टँकर राहील बाजूला आणि तुम्ही आमच्या कोर्टनाक्यावर चकरा मारत बसाल. वकिली करते म्हणून लिहितेय, हा काही सल्ला-मसलतीचा कागद नाही, चहा पिता पिता सांगितल्यासारखं घ्या.

टोपणनावाने लिहिणं हा गुन्हा नाही. आपल्याकडे निम्मे कवी टोपणनावाने लिहून गेले, फक्त त्यांना ओटीपी येत नव्हता. गुन्हा होतो कधी, तर दुसऱ्या खऱ्या माणसाचं नाव-फोटो लावून त्याच्या सोंगाने लोकांना फसवलं की, तिथे आयटी अ‍ॅक्टचं ६६ड लागतं, ३ वर्षांपर्यंत. आणि सोंग घेऊन, फसवून सिम मिळवणं तर २०२३ च्या टेलिकॉम कायद्यात सरळ ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. टँकरच्या बिलापायी एवढं? फुकटच्या व्हीपीएनचं तर काय बोलावं, पोटापाण्यासाठी तो काहीतरी विकतोच ना, बहुतेक तुम्हालाच. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्ट-इनने (सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) व्हीपीएनवाल्यांना गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता ५ वर्षं ठेवायला सांगितलं, तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हर उचलले.

'चोर' हा शब्द मात्र लिहूच नका. बदनामी आधी आयपीसी ४९९-५०० होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ३५६, २ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. काढून टाका म्हणून लोक सुप्रीम कोर्टात गेले होते, २०१६ ला कोर्टाने कायम ठेवलं. आणि लोकांना वाटतं खरं असलं की झालं, तर तसं नाहीये, फौजदारीत खरंही असावं लागतं आणि ते लोकांच्या भल्यासाठी सांगितलेलंही असावं लागतं. 'एप्रिलमध्ये रजिस्टरला इतक्या नोंदी, हिशोबात इतके टँकर, कमिटीने खुलासा करावा' हे वाक्य आणि 'सेक्रेटरी चोर आहे' हे वाक्य यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पहिल्याला समोरचा वकील धरायला जागा शोधत बसतो. निनावी धमकी बिमकी दिलीत तर अजून वाईट, ३५१ मध्ये नाव लपवून धमकी दिली म्हणून वर अजून २ वर्षांपर्यंत चढतात.

नाव बाहेर येतं कसं ते पण सांगते. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे तपास यंत्रणेने लेखी मागितलं की कंपनीला ७२ तासांत माहिती द्यायला लागते. कंपनी देते आयपी आणि वेळ, त्यावरून इंटरनेटवाला देतो तुमचं बिल जातं तो पत्ता. अकाऊंट डिलीट केलं तरी नोंदणीची माहिती १८० दिवस ठेवायची असते, म्हणजे 'डिलीट करून टाकलं, सुटलो' असं नसतं. आणि दिवाणी दावा टाकायचा असेल आणि कोण ते माहीत नसेल तर नाव अडत नाही. परदेशात 'जॉन डो' म्हणतात, आपल्याकडे असल्या ऑर्डरना 'अशोक कुमार' म्हणतात, खरंच. आधी अशोक कुमारवर दावा, मग कोर्ट कंपनीला सांगतं नाव द्या. त्यामुळे अगदी कोणालाच कळणार नाही असं काही नसतं, शेजाऱ्याला कळणार नाही एवढं जमू शकतं आणि तुम्हाला तेवढंच हवंय बहुतेक.

टंकलेखक_निवृत्त (सायं. ६:३०)

सर्वांना नमस्कार. मी ठाण्यातच एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होतो, नाव नको कचेरीचं. तेव्हा निनावी पत्रांचा जमाना होता. ८६-८७ ची गोष्ट, कँटीनच्या कंत्राटाबद्दल वर साहेबांना निनावी पत्र गेलं, मराठी टाईप केलेलं, सही नाही, पोस्टाचा शिक्का कल्याणचा म्हणजे मुद्दाम लांब जाऊन टाकलेलं. साहेबांनी मला बोलावलं आणि पत्र पुढे ठेवलं. मी पहिल्या ओळीतच ओळखलं. आमच्या सात मशीनपैकी तिसऱ्या मशीनचा 'ळ' अर्धा सूत वर उडायचा, आणि त्यावर बसायचे कोण तर एकच गृहस्थ. मी म्हटलं साहेब मला नाही ओळखू येत. साहेबही काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ते मशीन दुरुस्तीला गेलं आणि गृहस्थ महिनाभर कोणाशी बोलेनात.

आता मशीन गेलं तरी 'ळ' गेलेला नाही ताई. तुम्ही लिहिता 'गाडं चालत नाही', 'नसत्या भानगडीत', दोन उद्गारचिन्हं जोडीने टाकता, अनुस्वार आणि चंद्रबिंदी नीट देता. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर १६८ घरांत 'टँकर' असं शुद्ध लिहिणारे किती? बाकी सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत असणार. पेज काढायचंच तर मजकूर दुसऱ्या कोणाकडून लिहून घ्या, नाहीतर नुसते आकडे टाका, आकड्यांना भाषा नसते.

एक जुनी आठवण. २०१२ च्या नोव्हेंबरात बाळासाहेब गेले तेव्हा पालघर आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं. तिथल्या एका मुलीने बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, स्वतःच्या नावाने, दुसरीने ती नुसती लाईक केली, दोघींना अटक झाली. पुढे त्यांना लावलेलं आयटी अ‍ॅक्टचं ६६अ कलम सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्दच केलं. त्या दिवसांत माझ्या मुलीने फेसबुकवरचं नाव बदलून मांजराचा फोटो लावला होता. मी तिला हसलो होतो, नंतर नाही हसलो. तेव्हा नाव लपवणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही.

पण तुमच्या बाबतीत मला विचाराल तर ए विंगच्या ज्या गृहस्थांनी ग्रुपवर विचारलं त्यांना आधी गाठा. एकटीने लपावं लागतं, दहा जणांच्या सह्या असल्या की लपायला लागत नाही.

बिनधास्त_कळवा (सायं. ६:५०)

काका एक नंबर. सिमचं मागे घेतो.

मधली_सीट (रात्री ८:१०)

काकांचं बरोबर आहे पण दहा जण मिळायला हवेत ना. आमच्याकडे मीटिंगला कोरम होत नाही, अर्ध्या तासाने तीच मीटिंग परत भरवतात आणि वडे खाऊन घरी. म्हणून म्हणतो पेजची सोय पण असू द्या हाताशी, फक्त पेजवर आपल्या सोसायटीचं एकटीचं टाकू नका, कासारवडवलीपासून मानपाड्यापर्यंत कोणाकोणाच्या बिलात असं होतंय ते लोकांकडून मागवा आणि त्यात आपलं मधे कुठेतरी सरकवून द्या.

टँकरग्रस्त_ठाणे (चार दिवसांनी, रात्री १०:०५)

सगळ्यांचे खूप आभार, काका तुमचा 'ळ' मी मिस्टरांना पण वाचून दाखवला. ग्रुपवरचे माझे जुने मेसेज काढून बघितले तर खरंच प्रत्येक ठिकाणी जोडीने उद्गारचिन्हं!! (बघा, परत.)

पेज अजून काढलं नाहीये. ए विंगच्या त्या काकांना मंडईत गाठलं, सोसायटीच्या आवारात नाही. ते म्हणाले सी विंगमध्ये पण तिघं आहेत असेच चरफडत. आता मी, ते आणि ती तिघं असे पाच जण मिळून लेखी अर्ज देतोय, टँकरची चलनं आणि वॉचमनचं रजिस्टर दोन्ही समोरासमोर बघायला द्या म्हणून, कोर्टनाका ताईंनी सांगितलं तसं कुठेही विशेषण नाही, नुसत्या तारखा आणि आकडे. नाहीच दाखवलं तर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे. मजकूर मी लिहिलेला नाही, त्या काकांच्या सुनेने लिहिलाय. सह्यांमध्ये माझी पाचवी, मिस्टर अजून गाल फुगवून आहेत पण पेन त्यांनीच शोधून दिलं.

रजिस्टरचा फोटो मात्र मी आधीच काढून ठेवलाय, पेन्सिलीचं लिखाण आहे, खोडरबर दोन रुपयाला मिळतं.

आणि हो, आज संध्याकाळी लिफ्टमध्ये सेक्रेटरी काका भेटले. म्हणाले, 'काय मॅडम, हल्ली खिडकीत दिसत नाही तुम्ही, टँकर मोजून झाले वाटतं?' मी काही बोललेच नाही, अकराव्या मजल्यापर्यंत नुसती त्या आकड्यांकडे बघत उभी.

आठ_चौदा (रात्री १०:१२)

ताई, मजला परत सांगितलात.